हातफेक ग्लायडर आणखी उंच कसा न्यावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत रेडिओ कंट्रोल ग्लायडर हाताने फेकून उडवणाऱ्यांसाठी ही उत्तरे आहेत. पंखाचे टोक धरून, स्वतःभोवती गिरकी घेऊन फेकायच्या थाळीफेक पद्धतीपुरतीच ती आहेत. वर्णन सगळे उजव्या हाताने फेकणाऱ्याचे आहे. डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलटे करून वाचावे. मिलिमीटर आणि ग्रॅमचे आकडे दीड मीटर पंखविस्ताराच्या, २२० ते २८० ग्रॅम वजनाच्या कार्बन ग्लायडरसाठी आहेत. लहान किंवा थर्माकोलच्या मॉडेलला तेच तत्त्व लागू पडते, आकडे मात्र स्वतः तपासून घ्यावे लागतात.

माझा ग्लायडर ३० मीटरच्या वर जात नाही. किती उंची मिळायला हवी?

एक मीटर पंखाच्या, दीडशे ग्रॅमच्या शिकाऊ ग्लायडरला २० ते ३० मीटर मिळत असतील तर चांगले चालले आहे. दीड मीटरच्या कार्बन ग्लायडरला नवख्या हाताने ३० ते ४०, नियमित सरावाने ४५ ते ५५ मीटर मिळतात. एफ३के या आंतरराष्ट्रीय प्रकारातले अव्वल खेळाडू ६० मीटरच्या पुढे फेकतात. त्या प्रकारात पंखविस्तार जास्तीत जास्त १५०० मिमी आणि वजन जास्तीत जास्त ६०० ग्रॅम चालते.

उंचीची किंमत सेकंदांत मोजावी. असा ग्लायडर शांत हवेत सेकंदाला साधारण एक तृतीयांश मीटर खाली येतो, म्हणजे एक मीटर उंची वाढली की तीन सेकंद वाढले. दहा मीटर मिळाले तर अर्धा मिनिट, आणि तेवढ्या वेळात एखादे थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, सापडून जाते.

ज्याच्या दंडात जोर जास्त त्याची फेक उंच, असेच ना?

तसे नाही. तालमीतला गडी पहिल्या दिवशी २५ मीटरवर अडकतो आणि सडपातळ कॉलेजचा मुलगा ४५ मीटर फेकतो, हे कारण समजले की नवल वाटत नाही. उंची सुटतानाच्या वेगावर ठरते, आणि तीही वेगाच्या वर्गावर. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर सेकंदाला २० मीटर वेगाने सुटलेला ग्लायडर २० मीटर चढेल, २५ ला ३२, ३० ला ४६ आणि ३५ ला ६२ मीटर. वेग दहा टक्क्यांनी वाढला की उंची एकवीस टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्षात यातला चौथा ते तिसरा हिस्सा हवा खाते.

हा वेग गोफणीसारखा येतो. शेतात पाखरे राखणारा माणूस दगड हाताने मारत नाही, दोरीच्या लांबीवर मारतो. इथे दोरी म्हणजे तुमचा सरळ हात आणि ग्लायडरचा अर्धा पंख. अंगाच्या मध्यापासून बोटांपर्यंत ९० सेंमी आणि पुढे पंखाचे ७५, म्हणजे ग्लायडरचा गाभा १.६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. दंडाचा जोर लावायला गेले की कोपर वाकते, त्रिज्या कमी होते आणि वेग तिथेच जातो. जोर पायांतून आणि कंबरेतून यायला हवा. हाताचे काम दोरीचे.

सेकंदाला ३० मीटर वेगाला या वर्तुळात ग्लायडरवर स्वतःच्या वजनाच्या ५५ ते ६० पट ओढ येते. २५० ग्रॅमचा ग्लायडर शेवटच्या क्षणी तुमच्या दोन बोटांना सुमारे १४ किलोने ओढत असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे बऱ्याच ठिकाणी लागेल.

पायांची पावले नेमकी कशी टाकायची?

वाऱ्याकडे तोंड करा. उजव्या हाताने ग्लायडरच्या डाव्या पंखाचे टोक धरायचे, डाव्या हातात ट्रान्समीटर (रेडिओचा रिमोट). गिरकी डावीकडे, म्हणजे वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने.

शेवटची तीन पावले महत्त्वाची आहेत: डावा, उजवा, डावा. पहिला डावा पाय फेकीच्या दिशेने पडतो आणि त्याच्या चवड्यावर अंग डावीकडे वळायला लागते. उजवा पाय वळसा घालून पुढे पडतो, आणि त्या क्षणी तुमची पाठ फेकीच्या दिशेला असते. ग्लायडर अजून मागेच रेंगाळलेला असतो आणि तो रेंगाळलाच पाहिजे. मग दुसरा डावा पाय लगेच पुढे रोवायचा, गुडघा जवळजवळ ताठ. उजवा आणि दुसरा डावा या दोन पावलांमध्ये वेळ जितका कमी तितके बरे. ऐकताना ती ‘टप्-टप्’ अशी जोडून पडायला हवीत, ‘टप्… टप्’ अशी नव्हे.

रोवलेला डावा पाय ब्रेकसारखा काम करतो. धावत आलेले अंग त्याच्यावर अडते आणि अंगातला वेग कंबरेतून खांद्यात, खांद्यातून हातात जातो. हा पाय मऊ पडला, गुडघा वाकला किंवा पाऊल घसरले की पाच-सात मीटर तिथेच गेले. म्हणून दवाने ओल्या गवतावर साधे बूट नकोत. फुटबॉलचे रबरी स्टडवाले बूट घाला.

कंबर आधी आणि खांदा मागून हा क्रम इथल्या लोकांना नव्याने शिकवावा लागत नाही. धोबीपछाड मारताना कंबर आधी आत शिरते आणि समोरचा गडी नंतर उचलला जातो. तसेच इथे डावा पाय रोवला, कंबर फेकीच्या दिशेने उघडली, छाती तिच्या मागून, आणि हात सगळ्यांत शेवटी. हात आणि कंबर एकदम फिरली तर ती नुसती गिरकी होते, फेक होत नाही.

नव्याने शिकताना धावू नका. पहिला आठवडा उभ्या-उभ्या अर्ध्या वळणाची फेक, दुसरा आठवडा तीन पावले चालत, आणि ग्लायडर सलग दहा वेळा ज्या दिशेला हवा त्याच दिशेला जायला लागला की मग पळत. धावण्याने मिळणारा फायदा फेकीचा घाट बसल्यानंतरच दिसतो. आधी धावलात तर फक्त चुका वेगाने होतात.

ग्लायडर कधी डावीकडे सुटतो, कधी उजवीकडे. का?

सुटण्याची वेळ चुकते. लवकर सुटला तर उजवीकडे जातो, उशिरा सुटला तर डावीकडे. बहुतेकांचा डावीकडे जातो, कारण ते बोटे उघडण्याची वाट पाहतात. बोटे उघडायची नसतातच. पेगवर (पंखाच्या टोकाला धरण्यासाठी असलेल्या खुंटीवर) बोटे आकड्यासारखी ठेवायची आणि हात तुमच्या उजव्या बाजूला सरळ आला की ग्लायडर स्वतःच ओढून निसटतो. अंगठ्याने दाबून धरले असेल तर निसटायला उशीर होतो.

फेकीचे वर्तुळ आडवे नसावे. ग्लायडर मागे असताना कमरेच्या खाली, सुटताना खांद्याच्या किंचित वर, असे तिरके वर्तुळ हवे. म्हणजे सुटतानाच त्याला ३० ते ४० अंशांचा चढ मिळतो. यापेक्षा उभे फेकायचा प्रयत्न केला तर अंगाची बाजू वाकते आणि वेग घटतो. उरलेला चढ एलिव्हेटरने (शेपटीच्या आडव्या पंखाच्या हलत्या भागाने) द्यायचा, तो पुढे येतो.

डाव्या हाताचे काय करायचे?

गिरकी सुरू होताना ट्रान्समीटरसह डावा हात थोडा बाहेर, आणि डावा पाय रोवला जाताना पटकन छातीशी. हात आत घेतला की अंग आपोआप वेगाने फिरते. अंगठा स्टिकवर ठेवू नका, फेकीच्या झटक्यात एलिव्हेटर हलतो.

हात सरळ ठेवतो म्हणतो, पण व्हिडिओत वाकलेला दिसतो.

सगळ्यांचाच दिसतो. त्यासाठी घरच्या अंगणातला एक सराव आहे. ओला पंचा पिळून त्याचे एक टोक धरा आणि ग्लायडरसारखीच गिरकी घ्या. हात सरळ आणि सैल असेल तर पंचा ताणलेला राहतो आणि सुटायच्या जागी ‘सूंऽ’ असा आवाज येतो. आवाज आधीच, पाठीमागे आला तर तुम्ही घाई केली. रोज वीस वेळा, ग्लायडरशिवाय. जुन्या मोज्यात टेनिसचा चेंडू घालूनही हेच करता येते आणि तो सोडून दिशा तपासता येते, फक्त समोर काच नको.

पेग कसा धरायचा? घामाने बोटे घसरतात.

तर्जनी आणि मधले बोट पेगच्या मागे, पहिल्या पेराच्या घडीत. अंगठा हलका. पेगच्या कडा कापत असतील तर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करा, कारण १४ किलोच्या ओढीत धारदार कार्बन कातडे सोलतो. वर कापडी क्रीडा-टेपचा एक थर पुरे. दोन-तीन थर दिले की पेग सुटायला उशीर करतो.

घामासाठी व्यायामशाळेत मिळणारी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड लावा. तालमीतली लाल माती हाताला चोळायचा मोह होतो, पण तिच्यात तेल आणि ताक मुरलेले असते. पेग निसटतो आणि पंखावर डागही पडतात.

फेक जोरात होते, तरी वर जाताना ग्लायडर शेपटी हलवतो आणि उंची मिळत नाही. कुठे जाते ती?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. बहुतेक लोक जोर वाढवण्यात महिने घालवतात आणि सुटल्यानंतरच्या पहिल्या सेकंदात दहा मीटर सांडतात. जोर वाढवण्याआधी ही गळती बंद करा.

हातातून सुटेपर्यंत ग्लायडर तुमच्याभोवती फिरत असतो. सुटल्यावर तो सरळ जातो, पण त्याच्या अंगातली गिरकी लगेच जात नाही, नाक डावीकडे वळतच राहते. उभ्या शेपटीने म्हणजे फिनने ते थांबवायचे असते. फिन थांबवते, नाक उलट्या बाजूला जाते, पुन्हा परत येते. एक-दीड झोक्यात हे थांबले तर ठीक. तीन-चार झोके दिसले तर प्रत्येक झोक्यात ग्लायडर हवेला आडवा जातो आणि वेग मरतो.

कारणे या क्रमाने तपासा. आधी बूम (पंखापासून शेपटीपर्यंतची नळी): शेपटी हातात धरून हलकेच पिळा आणि वाकवा. पंखाजवळच्या जोडात कुरकुर ऐकू आली किंवा बूम सहज पिळली जात असेल तर कोणत्याही सेटिंगने उपाय होणार नाही. मग रडर (फिनचा हलता भाग): ओढदोरी आणि स्प्रिंग असलेल्या शेपटीत दोरी सैल पडते. बोटाने रडर दाबल्यावर तो स्प्रिंगच्या विरुद्ध लगेच दबत असेल तर फेकीच्या वेगाला हवा त्याला नक्कीच दाबणार. दोरी ताणा, नाहीतर थोडी जाड स्प्रिंग घाला. त्यानंतर फेक: ग्लायडर सुटताना मनगटाने शेवटचा झटका दिला तर नाक आणखी वळते. सर्वांत शेवटी रडरचे सेटिंग. नाक पहिल्यांदा ज्या बाजूला झुकते त्याच्या उलट १ मिमी रडर फक्त ट्रान्समीटरच्या फेकीच्या मोडमध्ये द्या (मोड पुढे येतात). झोके कमी झाले तर आणखी अर्धा मिमी, वाढले तर माघार.

वर जाताना ‘फर्रर्र’ असा आवाज आला तर तो फडफडीचा आहे. बहुधा एलिव्हेटर किंवा एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या कडेच्या) जोडात ढिलाई असते. सर्व्हो (कडा हलवणारी छोटी मोटर) चालू ठेवून कड बोटाने हलवा, अर्ध्या मिमीपेक्षा जास्त खेळ असेल तर दुरुस्त केल्याशिवाय पुढची फेक करू नका. फडफड एका फेकीत पंख फाडू शकते.

सुटल्यावर ग्लायडर डाव्या कुशीवर पडतो.

नाक डावीकडे वळताना उजवा पंख हवेत जास्त वेगाने जातो आणि उचलला जातो. झोके कमी केले की हेही कमी होते. उरलेले अर्धा मिमी एलेरॉनने, फक्त फेकीच्या मोडमध्ये. जास्त लागत असेल तर पंखाला पीळ आहे. पंख उलटा सपाट टेबलावर ठेवून दोन्ही टोकांची मागची कड मोजा.

ट्रान्समीटरमध्ये कोणते मोड आणि किती आकडे ठेवायचे?

तीन मोड पुरतात: फेक, चढ आणि संथ उड्डाण. फेकीचा मोड स्प्रिंगवाल्या स्विचवर ठेवा, म्हणजे डाव्या हाताच्या तर्जनीने दाबून धरला तोवर चालू आणि सोडला की चढ. साध्या स्विचवर ठेवलात तर एक दिवस वर गेल्यावर परत करायला विसराल.

फेकीच्या मोडमध्ये दोन्ही एलेरॉन मागच्या कडेला १ ते १.५ मिमी वर उचला. वेगात पंखाला एवढी उचल नकोच असते आणि कड वर घेतली की अडथळा कमी होतो. कड वर घेतल्याने नाकही वर जाते, म्हणून एलेरॉन आधी लावा आणि एलिव्हेटर नंतर. एलिव्हेटर अर्धा ते एक मिमी वर. सुटल्यापासून एका सेकंदात ग्लायडर ७० ते ८० अंशांत उभा झाला की बरोबर. सपाट निघून गेला तर अर्धा मिमी वाढवा. उभा होऊन पाठीवर पडू लागला तर अर्धा मिमी कमी करा. स्विच सोडला की चढाच्या मोडमध्ये एलेरॉन तसेच आणि एलिव्हेटर मध्यावर, म्हणजे तो सरळ रेषेत चढतो.

आकडे मिमीमध्ये, कडेवर पट्टी धरून मोजा. ट्रान्समीटरवरची टक्केवारी दुसऱ्याच्या ग्लायडरला लागू पडत नाही, त्यामुळे ती एकमेकांना विचारण्यात अर्थ नाही.

ग्लायडर प्रत्येक वेळी लूप मारतो. एलिव्हेटर तर मध्यावर आहे.

वजनाचा तोल फार पुढे आहे. नाक जड असले की संथ उडण्यासाठी एलिव्हेटर थोडा वर ठेवून ट्रिम केलेला असतो. तीच ट्रिम फेकीच्या वेगात कैकपट जोराने काम करते. चाळीस मीटरवरून ३० ते ४५ अंशांची सूर मारू द्या आणि स्टिक सोडा. हळूहळू सावरला तर तोल ठीक. झपकन वर आला तर नाक जड. आणखी खालीच खुपसला तर शेपटी जड, लगेच हाताने सावरा. तोल एका वेळी एक-दोन मिमीच सरकवा. सराफ वापरतात तसला खिशातला काटा घ्या, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा. अंदाजाने शिसे चिकटवण्यापेक्षा बरा.

वर पोचल्यावर नाक कधी खाली करायचे?

थोडा वेग शिल्लक असताना. ग्लायडर थांबेपर्यंत वाट पाहिली तर तो शेपटीवर किंवा कुशीवर पडतो आणि सावरताना ३ ते ५ मीटर जातात. फार लवकर केलेत तर चढायचा वेग आडव्या उड्डाणात खर्च होतो. सुटल्यापासून तीन-साडेतीन सेकंदांत माथा येतो, त्याच्या किंचित आधी स्टिक मऊपणे पुढे करा, इतकी की ग्लायडर आडवा होईल तेव्हा त्याच्याकडे नेमका संथ उडण्याइतका वेग असेल. हे डोळ्यांनी शिकायचे असते. एकाच दिवशी दहा फेकींत दहा वेगवेगळ्या वेळी करून पाहा आणि अल्टिमीटरचा (उंची मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख बघा.

उंची मोजायची कशी? डोळ्यांना तर सगळे ५० मीटरच वाटते.

दाबावर चालणारा छोटा अल्टिमीटर किंवा टेलिमेट्रीचा, म्हणजे उंची थेट ट्रान्समीटरला कळवणारा, व्हॅरिओ बसवा. तीन काळज्या घ्या. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे गरम होऊ द्या आणि फेकीच्या आधी शून्य करा. सेन्सरवर काळ्या स्पंजचा तुकडा ठेवा, कारण थेट ऊन पडले की वाचन उडते. आणि नाकात समोरून वारा शिरत नाही हे बघा. सेकंदाला ३० मीटर वेगाचा पूर्ण दाब आत शिरला तर अल्टिमीटर तब्बल ४५ मीटर चुकीचे दाखवू शकतो. म्हणून चढतानाचा आकडा धरू नका. ग्लायडर आडवा होऊन दोन सेकंद झाले की जे दिसते ती फेकीची उंची.

वेगासाठी मोबाइलचा २४० फ्रेमचा स्लो मोशन पुरतो. फोन फेकीच्या रेषेला काटकोनात, १५ ते २० मीटर दूर ठेवा. सुटल्यानंतर ग्लायडरच्या नाकाच्या जागेवर शेपटी यायला किती फ्रेम लागतात ते मोजा. १.१ मीटर लांबीच्या ग्लायडरला १० फ्रेम लागल्या तर वेग सेकंदाला २६ मीटर, ९ ला २९, ८ ला ३३. वेग ३३ आहे आणि उंची मात्र ३२ मीटर, तर तुमची फेक चांगली आहे आणि गळती वर आहे. वेगच २४-२५ असेल तर पावलांकडे वळा. हे एक मोजमाप महिनाभराची चुकीची मेहनत वाचवते.

एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक बदलानंतर पाच फेकी करा आणि त्यांतला मधला आकडा लिहा. सर्वांत मोठा आकडा लिहायची सवय लागली की काहीच कळत नाही.

काल ५२ मीटर गेला, आज ४२. काय बिघडले?

बहुधा वारा. समोरून सेकंदाला पाच मीटर वारा असेल तर हातातून २८ ने सुटलेला ग्लायडर हवेत ३३ ने जात असतो. हिशेबाने तो फरकच पंधरा मीटरचा आहे, अडथळा धरला तरी दहाच्या आसपास. तपमानाचाही भाग आहे. एप्रिलच्या दुपारची हवा जानेवारीच्या पहाटेपेक्षा जवळपास आठ टक्के विरळ असते. तुलना करायची तर एकाच वेळेच्या, वारा नसलेल्या फेकींची करा. पहाटे दव असेल तर पंख कोरड्या पंचाने पुसा. ओला पंख जडही होतो आणि त्याचा अडथळाही वाढतो.

वजन वाढवले तर उंची वाढते का?

वाऱ्यात, हो. हलका ग्लायडर वेग पटकन गमावतो, जड तो टिकवतो. पण जड ग्लायडर तुम्हाला तितक्याच वेगाने फेकता यायला हवा, आणि पंखावरची ओढही त्याच प्रमाणात वाढते. वीस ग्रॅमपासून सुरू करा, तोलाच्या जागीच ठेवा, आणि पंख बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा ओलांडू नका. पितळेच्या गोळ्या उद्यमनगरात लेथवर हव्या त्या व्यासाच्या करून मिळतात. व्यास त्या ठेवायच्या नळीपेक्षा ०.२ मिमी कमी सांगा, नाहीतर उन्हात अडकतात. शांत हवेत हे वाढीव वजन (बॅलास्ट) काढून ठेवा, तेव्हा हलकेपणाच कामाचा.

फेकीच्या आधी काय तपासायचे?

पेगच्या भोवतीचा पंख नखाने टकटक करून ऐका. टणक आवाजाच्या जागी बोदा आवाज आला तर आतला थर सुटला आहे. पातळ इपॉक्सी भरा, वर कार्बनचा धागा टाका आणि पूर्ण २४ तास वाळू द्या. बॅटरी घट्ट आहे का पाहा. बारा ग्रॅमची बॅटरी फेकीत आडवी पाऊण किलोने ओढत असते, त्यामुळे नुसत्या वेल्क्रोवर भिस्त नको, बाजूला बाल्साचा ठोकळा लावा. बॅटरीची पिन त्या ओढीत सुटली तर ग्लायडर रेडिओशिवाय वर जातो. सर्व्होच्या हातांचे स्क्रू, ओढदोरीच्या गाठी आणि एलिव्हेटरची दिशा दर फेकीआधी बघायची. पाच सेकंद लागतात.

खांदा दुखतो. किती फेकी कराव्यात?

जोरकस फेकी दिवसाला वीस-पंचवीस, त्याही एक दिवसाआड. आधी दहा मिनिटे चाला, खांदे फिरवा, कंबर दोन्हीकडे वळवा, मग पाच हलक्या फेकी. दुखणे बहुधा खांद्याच्या आतल्या लहान स्नायूंत किंवा बरगड्यांखालच्या तिरक्या स्नायूंत येते. फेकतानाच कळ आली तर त्या दिवशी थांबा, आणि आठवड्यात गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. एकाच दिशेने फिरत राहिल्याने अंगाची एकच बाजू ताणली जाते, म्हणून ग्लायडरशिवाय उलट दिशेने तेवढ्याच गिरक्या घ्या.

कोल्हापुरात कुठे आणि केव्हा सराव करावा?

शंभर मीटर लांब-रुंद मोकळी जागा आणि फेकीच्या दिशेला एकही माणूस नाही, ही पहिली अट. सेकंदाला तीस मीटरने सुटलेले कार्बनचे नाक डोळ्याला लागले तर काय होईल हे सांगायला नको. संध्याकाळी क्रिकेट आणि फिरायला येणाऱ्यांनी भरलेली शहरातली मैदाने त्यामुळे बाद. ऊसतोड झालेली शेते मालकाला विचारून वापरता येतात. बुडखे छाटलेले किंवा नांगरट झालेला तुकडा निवडा. उभ्या बुडख्यांत धावताना घोटा मुरगळतो आणि ग्लायडरचे पोट फाटते.

विमानतळ उजळाईवाडीला आहे, आणि ड्रोन नियम २०२१ नुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच मुभा आहे, त्याबाहेर हिरव्या क्षेत्रात १२० मीटर. शहराचा आणि विद्यापीठाच्या बाजूचा मोठा भाग यात अडकतो. जाण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. साठ मीटरच्या पट्ट्यात चांगली फेक आणि एक छोटे थर्मल मिळाले की मर्यादा ओलांडली जाते, म्हणून अल्टिमीटरला ५५ मीटरचा बझर लावा. पन्हाळ्याकडची पठारे मोकळी दिसतात, पण मसाई पठार संवर्धन राखीव आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि फुलांच्या दिवसांत तर नकोच.

तंत्र शिकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सात ते नऊ. वारा जवळपास नसतो, त्यामुळे आकडे खरे असतात. दहानंतर थर्मल सुरू होतात. उडायला मजा, मोजायला निरुपयोगी. एप्रिल-मेच्या दुपारी वळवाचे ढग चढायला लागले की पहिल्या गडगडाटाला सामान आवरा.

ग्लायडर उभ्या उसात पडला तर?

धावत आत शिरू नका. जिथे उभे आहात तिथेच राहा आणि तो जिथे दिसेनासा झाला त्या दिशेला फडापलीकडचे एखादे झाड किंवा खांब धरून रेषा ठरवा. सोबत्याने वीस-तीस पावले बाजूला जाऊन दुसरी रेषा धरावी. ट्रान्समीटर बंद करू नका. एलेरॉन खालीवर करत राहा, सर्व्होची किरकिर उसात दहा-पंधरा फुटांवरून ऐकू येते. मालकाला सांगून सरीतूनच चालत जा, पाने आडवी कापू नका. ग्लायडर बहुतेक वेळा शेंड्यावर अडकलेला असतो, म्हणून खाली जमिनीवर शोधण्याआधी वर बघा. सापडल्यावर पंख ओढू नका. पानांच्या करवती कडा पंखावर ओरखडे काढतात, तेव्हा आधी पाने बाजूला करा आणि नाकाला धरून ज्या दिशेने आत शिरला त्याच्या उलट बाहेर काढा.